काका, पाच मिनिटं आहेत?

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता जिथे फुटतो, तो कसालचा तिठा. इथे माणसे उभी असतात ती गाडीची वाट बघत. गाडीची वेळ आणि गाडी येण्याची वेळ यांत जे अंतर पडते, त्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यातले बरेचसे शैक्षणिक संशोधन उरकून जाते. पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र, हातात प्रश्नावल्यांचा गठ्ठा अशी दोन-तीन मुले टपरीकडे येताना दिसली की बाकड्यावरची जाणती मंडळी पेपर तोंडासमोर धरतात. त्याचा उपयोग होत नाही. "काका, पाच मिनिटं आहेत?" असा प्रश्न येतोच. काकांकडे मालवणची गाडी येईपर्यंत चाळीस मिनिटे आहेत, हे विचारणाऱ्यालाही दिसत असते.

"तुम्ही प्लास्टिकची पिशवी वापरता का? नेहमी, कधी कधी, कधीच नाही." काकांच्या हातातल्या पिशवीतून बांगड्याची शेपटी बाहेर डोकावत असते आणि पिशवी कशाची आहे ते उघड असते. काका शांतपणे म्हणतात, "कधीच नाही लिव." मुलगा लिहितो. पण कोकणात सर्वेक्षण एकतर्फी होत नाही. "तू कोणाचो रे? खंयच्या वाडीतलो? आवशीचा म्हायार खंय?" तीन प्रश्नांत काकांनी संशोधकाचे घराणे, त्याच्या आज्याचा जमिनीचा दावा आणि चुलत्याचे मोडलेले लग्न एवढी माहिती गोळा केलेली असते. नमुना निवड, प्रत्यक्ष मुलाखत, प्राथमिक स्रोत, सगळे शास्त्रशुद्ध. फक्त काकांना त्याचे गुण मिळत नाहीत.

पुढचा टप्पा झेरॉक्सच्या दुकानात पार पडतो. प्रकल्पाचा मार्गदर्शक म्हणून कागदोपत्री प्राध्यापकांचे नाव असले तरी व्यवहारात हे पद झेरॉक्सवाल्याकडे असते. प्रमाणपत्र कुठल्या पानावर, ऋणनिर्देश किती ओळींचा, वर्तुळालेखाला निळा रंग चांगला की हिरवा, हे त्याला तोंडपाठ. गेल्या वर्षीची फाइल त्याच्या संगणकात असतेच, फक्त नाव आणि हजेरी क्रमांक बदलायचा. एखाद्या घाईच्या वर्षी तेवढेही बदलायचे राहते आणि मग परीक्षकांना एकाच वर्गात एकाच नावाचे चार विद्यार्थी भेटतात. शेवटच्या पानावर निष्कर्ष असतो: "याबाबत समाजात जनजागृती होणे गरजेचे आहे." विषय खारफुटीचा असो, मोबाइलच्या व्यसनाचा असो की बचतगटांचा, जनजागृतीवाचून कोणाची सुटका नाही. काठाला पांढरी सळसळती स्पायरल चढली की संशोधन पूर्ण.

या प्रकल्पात उणे काढण्यासारखे तसे काही नसते. अडचण एवढीच की तो फसूच शकत नाही. आणि ज्याची फजिती होण्याची सोयच ठेवलेली नाही, त्यातून कोणाला काही कळण्याचीही फारशी सोय राहत नाही.

हे सगळे सुरू झाले ते मोठ्या सद्हेतूने. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात आणायला सांगितले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम तयार केला आणि त्याचे पुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. त्या अभ्यासक्रमाच्या शेवटी क्षेत्रभेट आहे: नदी, जंगल किंवा डोंगर पाहा, प्रदूषित जागा पाहा, साधी झाडे, किडे, पक्षी ओळखा, तळ्याची परिसंस्था समजून घ्या. या सगळ्याला वेळ दिला आहे पाच तासिकांचा. शहरातल्या मुलांना त्यासाठी सहल काढावी लागते. कसालच्या मुलाला एवढे सगळे एसटीच्या खिडकीतून महाविद्यालयात पोचेपर्यंत दिसते, शिवाय परतीच्या प्रवासात पुन्हा. पण ते दिसते म्हणून लिहायचे असते हे त्याला कोणी सांगत नाही. मग तो गुगलवरून उत्तराखंडातल्या नदीची माहिती काढतो.

आता नवीन शैक्षणिक धोरण आले आहे. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून पदवीच्या वर्गात शिरले आणि आपल्याबरोबर आद्याक्षरांची वरात घेऊन आले. ओजेटी म्हणजे कामावरचे प्रशिक्षण, एफपी म्हणजे क्षेत्र प्रकल्प, सीईपी म्हणजे समाजाशी संबंध, आरपी म्हणजे संशोधन प्रकल्प. चौथ्या वर्षापर्यंत टिकून राहणाऱ्याला संशोधनासह ऑनर्सची पदवी. कल्पना चांगली आहे यात शंका नाही. तिठ्यावरच्या बाकड्यावर मात्र चिंता आहे. आधी एकच मुलगा प्रश्न विचारायला यायचा, आता तोच मुलगा चार वेगवेगळ्या आद्याक्षरांखाली चार वेळा येणार.

फजितीची सोय असलेले प्रकल्प बघायचे तर कृषी महाविद्यालयाच्या मुलांकडे जावे. शेवटच्या वर्षी त्यांना ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहायला पाठवतात. वर्तमानपत्रांनी मुलांना 'कृषिदूत' आणि मुलींना 'कृषिकन्या' अशी नावे कधीच देऊन टाकली आहेत. 'कृषिकन्यांचे गावात स्वागत' ही बातमी जिल्हा आवृत्तीत पावसाळ्याइतक्या नेमाने येते, किंबहुना अलीकडे त्याहून जास्त. कसालपासून जवळच किर्लोसला कृषी विज्ञान केंद्र आहे, कुडाळ तालुक्यात मुळद्याला उद्यानविद्या महाविद्यालय. त्यामुळे या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला दारात एप्रन घातलेली चार मुले उभी दिसली तर तो दचकत नाही, खुर्च्या काढायला सांगतो.

या मुलांचे पहिले काम म्हणजे ग्रामपंचायतीसमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढणे. विज्ञान, कला आणि राजकारण यांचा असा संगम दुसऱ्या कुठल्या अभ्यासक्रमात सापडणार नाही. हिरव्या रांगोळीने बागायत, निळ्याने व्हाळ, पिवळ्याने रस्ते. गाव भोवती गोळा होते, कौतुक करते, आणि मग कोणीतरी मागून विचारतो, "आमची पाणंद खंय गेली?" ती पाणंद कृषिदूतांना माहीतच नसते. दुसऱ्या घरच्या मंडळींचे म्हणणे असते की तिथे पाणंद नव्हतीच कधी, आणि नकाशात नाही हेच बरोबर आहे. पंधरा वर्षे दिवाणी न्यायालयात पडलेला प्रश्न चिमूटभर पांढऱ्या रांगोळीवर येऊन ठेपतो. मुले घाबरून सरपंचांकडे बघतात. सरपंच आकाशाकडे बघतात.

दुसरे काम म्हणजे बोर्डो मिश्रणाचे प्रात्यक्षिक. पावसाच्या तोंडावर सुपारीला कोळे रोग लागू नये म्हणून हे औषध फवारायचे असते. एक टक्क्याचे मिश्रण करायचे तर एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवायचे, भांडे धातूचे घ्यायचे नाही, मग दोन्ही एकत्र ओतायचे. मिश्रण जमले की नाही हे कळायला त्यात लोखंडी सुरी बुडवायची. पात्यावर तांबूस पुट चढले तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. हे सगळे कृषिकन्या पाठ केल्यासारखे सांगत असते आणि बागेचा मालक सुपारी कातरत ऐकत असतो. तिचे बोलणे संपल्यावर तो म्हणतो, "बाये, ह्या औषध मी तुझ्या बापाशीच्या लग्नाच्या आधीपासून मारतंय." तरी सुरी बुडवली जाते. सुरीवर पुट चढते. चुना कमी पडलेला असतो. आता मालकाचा चेहरा खुलतो. प्रमाण बरोबर घेतले होते, पण चुना जुना, हवेने निम्मा मेलेला होता, हे पुस्तकात नसलेले ज्ञान तो फुकट देऊन टाकतो. त्या दिवशी वहीत जे लिहिले जाते ते कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात आयते मिळत नाही.

खुद्द बोर्डो मिश्रणाचा जन्मही असाच आगंतुक. फ्रान्समध्ये बोर्डो शहराच्या आसपास रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर बागाईतदार मोरचूद आणि चुना मारून ठेवत, का तर जाणाऱ्या-येणाऱ्याने घड तोडू नयेत. निळसर पुट बघून चोर पुढे जात. पिएर मिलार्दे या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आले की बाकी मळ्यात केवडा रोग पडला तरी याच वेली धडधाकट आहेत. १८८५ मध्ये त्याने हे औषध जगापुढे मांडले. हापूसच्या दिवसांत रस्त्याकडेच्या कलमांना काय काय उपाय करावे लागतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या फ्रेंच बागाईतदारांबद्दल आपुलकी वाटेल.

कलेच्या विद्यार्थ्यांच्या फजितीचा इतिहास याहून भव्य आहे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ची. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन थंडीच्या दिवसांत अजिंठ्याला जाऊ लागले. काम एकच: भिंतीवरची चित्रे हुबेहूब उतरवून घेणे. पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी अंधाऱ्या लेण्यांत वर्षामागून वर्षे हेच करत राहिले. १८८५ पर्यंत म्हणजे तेरा वर्षे हा प्रकल्प चालला. त्याआधी मेजर रॉबर्ट गिल यांनी एकट्याने जवळजवळ वीस वर्षे घालून अशाच प्रतिकृती केल्या होत्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. म्हणून तर ग्रिफिथ्स आणि मंडळींनी काम नव्याने हाती घेतले, पूर्ण केले आणि चित्रे लंडनलाच पाठवली. तिथे साउथ केन्सिंग्टनला १८८५ मध्ये आग लागली आणि यांतलीही बरीच गेली. आजच्या विद्यार्थ्याचा पेनड्राइव्ह करप्ट झाला तर त्याला दोन दिवसांची मुदतवाढ मिळते. त्या मुलांना कोणी काय दिले असेल?

हिशेब पूर्ण करायचा तर हेही सांगायला हवे की चित्रे नीट दिसावीत म्हणून ग्रिफिथ्स यांनी मूळ भित्तिचित्रांवर व्हार्निश फासले आणि ते पुढे काळवंडून मुळांचेच नुकसान झाले. प्रतिकृती जळाल्या, मुळे काळवंडली. तरी जे वाचले त्यातून १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ निघाला आणि अजिंठा जगाच्या नजरेत आला. याच शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरही फिरले आहेत. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरचे दगडी प्राणी, पक्षी, पानेफुले यांच्या सजावटीचे काम त्यांनी केले. मांडवी एक्सप्रेस पकडायला धावणाऱ्या कोकणी माणसाने मात्र ते प्रदर्शन अजून पाहिलेले नाही. त्याच्या डोक्यावर बोचके असते.

कलेच्या नकाशावर सावंतवाडी जे. जे.च्या फार खाली येत नाही. 'आशेचा किरण' म्हणून घराघरांत पोचलेले, हातात समई घेतलेल्या स्त्रीचे चित्र काढणारे सावळाराम हळदणकर १८८२ मध्ये सावंतवाडीतच जन्मले आणि पुढे जे. जे.त शिकले. गावात आज बांदेकर कला महाविद्यालय आहे, आणि राजवाड्यात गंजिफा आहेत. दशावतारी गंजिफेचा जोड १२० पानांचा, दहा अवतारांची प्रत्येकी बारा पाने, सगळी गोल, सगळी हाताने रंगवलेली. ही कला संपत आली असताना शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि सत्तरच्या दशकात राजवाड्यात काम सुरू केले. राजाराणीने विद्यार्थी होऊन केलेला हा प्रकल्प. गुणपत्रिका कोणी दिली नाही, पण कला जगली. बाहेरून येणाऱ्या डिझाइनच्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी वाटते की गोल काढणे सोपे आहे. चिंचोक्याच्या खळीचे थर देऊन कडक केलेल्या चकतीवर कूर्मावतार रंगवताना त्याला समजते की कासवाला चार पाय असतात आणि त्यांतल्या एकासाठी आता जागा उरलेली नाही.

कुडाळजवळच्या पिंगुळीत परिस्थिती उलटी आहे. तिथे वस्तू अवघड आहेतच, पण त्याहून पाहुणे जास्त आहेत. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांनी गुरांचा गोठा रिकामा करून त्याचे संग्रहालय केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फॅशन शिकवणाऱ्या निफ्टसारख्या संस्थांत हस्तकलेची नोंद घेणे हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो, त्यामुळे अशा ठिकाणी वह्या, कॅमेरे आणि ध्वनिमुद्रक यांची ये-जा थांबत नाही. चित्रांच्या एका कथेच्या संचाला पोथी म्हणतात, हे परंपरेने चालत आलेले वाक्य प्रत्येक तुकडी नव्याने लिहून घेते. एखाद्या कारागिराने या सगळ्या विद्यार्थ्यांची नोंद ठेवायची ठरवली, त्यांचे पोशाख, त्यांच्या सवयी, चहाला 'शुगर कमी' म्हणण्याची त्यांची रूढी, तर उत्तम दस्तऐवज तयार होईल.

पोशाखांवरून फॅशन. फॅशन डिझाइनच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात अपारंपरिक साहित्याचा पोशाख करायला सांगतात. वर्तमानपत्र, गोणपाट, चॉकलेटची वेष्टने, जुन्या सीडी. मंचावर तीन मिनिटे चालेपर्यंत तो टिकला की झाले, बसायची सोय त्यात नसतेच. कोकणात मात्र या विषयात फार पूर्वी कोणीतरी शेवटच्या वर्षाचे काम करून ठेवले आहे. इरले घ्या. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचे आच्छादन, डोक्यापासून पाठ झाकून कमरेखाली जाणारे. बाई लावणीला वाकली की पाऊस पाठीवरून ओघळून जातो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. छत्रीला हे आजवर जमलेले नाही. हेच इरले उद्या मुंबईच्या रॅम्पवर आले तर निवेदक त्याला शाश्वत, जैवविघटनशील आणि स्त्री-पुरुष भेद न मानणारे म्हणेल आणि किंमत ऐकून कसालची बाई मटकन खाली बसेल.

वार्षिक स्नेहसंमेलनातल्या ट्रॅडिशनल डेचे ऋणही विसरता येत नाही. नऊवारी नेसता येणाऱ्या आज्या कमी झाल्या आणि नेसण्याची हौस वाढली, त्यातून शिवलेली नऊवारी आली: पाय घाला, नाडी ओढा, चालू लागा. हा शोध कुठल्या विद्यापीठात लागला नाही. गावोगावच्या शिंप्यांनी तो लावला आणि प्रबंध न लिहिता विकला.

विज्ञानातल्या फजितीला पैसे जास्त लागतात, त्यामुळे ती टाळण्यासाठी वेळही जास्त जातो. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी २००८ च्या सुमारास 'स्वयम्' नावाचा उपग्रह बनवायला घेतला. वजन किलोभराच्या आत, दहा सेंटिमीटरचा ठोकळा. त्याला दिशा राखायला इंजिन नाही, आत चुंबक बसवलेले, ते पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी जुळवून घेते. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने तो सोडला. मुंबई आयआयटीच्या मुलांचा सुमारे दहा किलोचा 'प्रथम' २००७ मध्ये कागदावर आला आणि २६ सप्टेंबर २०१६ रोजी आकाशात गेला. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची आणि प्रकल्प आठ-नऊ वर्षांचे, म्हणजे ज्यांनी आराखडा काढला ते उड्डाणाच्या दिवशी नोकरीला लागून, परदेशी जाऊन, काही बाप होऊन बसलेले. गणेशोत्सव मंडळासारखे कार्यकर्ते बदलत गेले, वर्गणीच्या पावत्या बदलल्या, गणपती तोच. प्रत्येक नव्या तुकडीला आधीच्यांनी लिहून ठेवलेले वाचावे लागले, आणि आधीच्यांना ते दुसऱ्याला वाचता येईल असे लिहावे लागले. ऋणनिर्देश खरोखर कामाचा असतो तो अशा ठिकाणी.

सिंधुदुर्गातल्या मुलांना आकाश गाठायला आधी 'आविष्कार' गाठावा लागतो. राज्यपालांच्या म्हणजे कुलपतींच्या पुढाकाराने २००६ मध्ये सुरू झालेली ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा. भाषा आणि ललित कलांपासून शेती, औषधनिर्माण, अभियांत्रिकीपर्यंत सहा विभाग. मुंबई विद्यापीठाची फेरी विभागवार होते, तेव्हा जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या सभागृहात पोस्टर लागतात. पोस्टरपाशी उभ्या विद्यार्थ्याला समोरून येणारा माणूस परीक्षक आहे, शिपाई आहे की चहावाला आहे हे कळत नाही, म्हणून तो तिघांनाही पूर्ण सादरीकरण ऐकवतो. चहावाल्याचे प्रश्न बहुधा जास्त चांगले असतात: "ह्याचा काय करूचा?"

समजा, यंदा तिथे कसालकडची एक मुलगी कोकमाचा रंग घेऊन उभी आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, रातांब्याच्या सालीचा लालभडक रंग फुकट आहे, आणि नैसर्गिक रंगांना बाजारात भाव आहे. तिने सुती कापड तुरटीत भिजवले, सोलांच्या पाण्यात उकळले, सुंदर गुलाबी रंग आला. विज्ञान, फॅशन, कला एकाच ओढणीत. मग पद्धतीनुसार धुण्याचा पक्केपणा तपासायला तिने ती साबणाच्या पाण्यात टाकली आणि ओढणी बघता बघता मळकट करडी झाली. कोकमाच्या रंगातले अँथोसायनिन आम्लात लाल असते, साबणाच्या अल्कलीत रंग बदलते. रंगाचा पक्केपणा एक ते पाच अशा मापात मोजतात, ओढणीला दोन द्यायचीही कोणाची तयारी नव्हती.

घरी आई धुण्याच्या दगडाशी होती. पांढऱ्या शर्टावर सोलकढी सांडली की साबण लावल्यावर डाग निळसर होतो, हे तिला लग्न झाल्यापासून माहीत. "माका इचारलंस कित्या नाय?" मुलीने त्या रात्री वर्तुळालेख काढून टाकला, कापडाचे लहान तुकडे कापले, कुणाला लिंबू लावले, कुणाला खाण्याचा सोडा, कुणाला चुन्याची निवळी, आणि रंगांची रांग पोस्टरवर चिकटवली. शीर्षकातला 'रंग' खोडून तिथे 'दर्शक' लिहिले. ऋणनिर्देशात आईचे नाव प्राचार्यांच्या वर गेले म्हणून मार्गदर्शकांनी क्रम बदलायला सांगितला, तर मुलगी म्हणाली की सर, प्रिंट झालंय.